कमी कॅलरीचं जेवण: भाकरी न सोडता ताट कसं बदलायचं

वजन उतरवायचं ठरलं की मराठवाड्यातल्या घरात पहिली कुऱ्हाड भाकरीवर पडते. दोनाची एक होते, रात्रीची तर बंदच होते. त्याच ताटात वांग्याच्या भाजीवर तेलाचा तवंग मात्र तसाच असतो आणि शेंगदाण्याची चटणीही आधीसारखीच दोन चमचे वाढली जाते. पंधरा दिवसांत भुकेनं जीव कासावीस होतो आणि सगळं होतं तिथं येतं. अशा माणसाचा निश्चय कच्चा नसतो, त्याचा हिशेब चुकलेला असतो. कॅलरी ताटात नेमक्या कुठं बसलेल्या असतात हे कळलं, तर पोटभर जेवूनही त्या कमी करता येतात. त्यासाठी बाहेरून काही आणायला लागत नाही. आठवडी बाजारात मिळणारं माळवं, घरचं ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ आणि ताक एवढ्यात काम होतं.

अन्नातून ऊर्जा मिळते म्हणजे काय होतं

१ किलो पाणी १ अंश सेल्सिअसनं तापवायला जितकी उष्णता लागते, ती एक किलोकॅलरी. बोलताना आपण तिलाच कॅलरी म्हणतो आणि या लेखातही तसंच म्हटलं आहे. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना बंद खोलीत ठेवून त्यांच्या अंगातून निघणारी उष्णता मोजली. त्या कामातून आलेले आकडे आजही जगभर वापरतात. कर्बोदकं (पिष्ट, साखर) १ ग्रॅमला ४ कॅलरी देतात, प्रथिनंही ४, आणि स्निग्ध पदार्थ, म्हणजे तेल, तूप, लोणी, ९. दारू ७ देते. चोथा, म्हणजे तंतुमय भाग, फार तर २ देतो आणि पाणी शून्य.

हे आकडे पाठ करून ठेवा, पुढचं सगळं यांच्यावरच उभं आहे. ज्यात पाणी आणि चोथा जास्त, ते कमी कॅलरीचं. ज्यात तेल जास्त, ते जास्त कॅलरीचं. काकडी आणि दोडक्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणून १०० ग्रॅमला १५-२० कॅलरी. शेंगदाण्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास तेल, म्हणून १०० ग्रॅमला सव्वापाचशेच्या आसपास. तेल तर पुरतं स्निग्ध, १०० ग्रॅमला ९००. मग ते करडईचं असो, शेंगदाण्याचं असो की सोयाबीनचं. ‘करडईचं तेल हलकं असतं’ हे आपल्याकडं फार ऐकू येतं. हृदयाच्या दृष्टीनं तेलातेलांत फरक आहेत, कॅलरीत अजिबात नाही.

खाल्लेली भाकरी आतड्यात फुटून तिचं ग्लुकोज होतं. ते रक्तातून पेशींत जातं आणि श्वासातून आलेल्या ऑक्सिजनच्या मदतीनं सावकाश जळतं. त्यातली काही ऊर्जा कामाला येते, बाकीची अंग उबदार ठेवते. लगेच न लागणारं ग्लुकोज यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठतं. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ३००-४०० ग्रॅम एवढीच जागा असते. त्यावरचं शिल्लक चरबीत जातं आणि तिथं जागेला तोटा नाही. अंगावरच्या १ किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. रोज ५०० कमी घेतल्या तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास चरबी उतरते, आणि वजन उतरेल तसा हा वेग मंदावतो.

दिवसाच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा व्यायामाचा नसतो. हृदय, मेंदू, यकृत चालू ठेवायलाच बैठं काम करणाऱ्या माणसाच्या साठ-सत्तर टक्के कॅलरी लागतात. अन्न पचवायला दहा टक्के जातात. त्यातही प्रथिनं पचवायला सर्वांत जास्त ऊर्जा लागते, तेलातुपाला जवळपास काहीच नाही. ६५ किलोचा माणूस पाच किलोमीटर चालला तर साधारण अडीचशे कॅलरी जातात. तेवढ्याच कॅलरी दोन मोठ्या चमच्यांत मावणाऱ्या तेलात असतात. चालणं आवश्यकच आहे, पण वजनाची सुरुवात स्वयंपाकघरातूनच करावी लागते.

हे कुणाकुणासाठी नाही

बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला साधारण २,१०० कॅलरी लागतात आणि ५५ किलोच्या बाईला १,६६० च्या आसपास, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०२० चं प्रमाण सांगतं. अंगमेहनतीचं जड काम असेल तर हेच आकडे ३,४७० आणि २,७२० वर जातात. बीड, धाराशिव भागातून ऊसतोडीला जाणारी जोडपी, बांधकामावरचे मजूर, उन्हात दिवसभर खुरपणी करणाऱ्या बाया यांना कमी कॅलरीचं जेवण सांगणं चुकीचं आहे. त्यांना भाकरीवर तेल-चटणी हवीच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, वाढती मुलं, क्षयरोगाचे रुग्ण, आधीच अंगानं खंगलेली म्हातारी माणसं यांनीही यात पडू नये.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. औषध तेवढंच आणि जेवण कमी झालं की साखर एकदम खाली येते. दरदरून घाम, हातपाय थरथरणं, छातीत धडधड ही त्याची लक्षणं. शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच तीन चमचे, म्हणजे १५ ग्रॅम, साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची आणि बरं वाटलं की खायला द्यायचं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डाळ-प्रथिनांचं प्रमाण डॉक्टर ठरवतील तेवढंच.

वजन जास्त आहे की नाही ते अंदाजानं ठरवू नका. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागा. आपल्याकडच्या लोकांसाठी उत्तर २३ च्या पुढं गेलं की वजन जास्त आणि २५ च्या पुढं लठ्ठपणा धरतात. १६० सेंटिमीटर उंचीला या मर्यादा साधारण ५९ आणि ६४ किलोवर येतात. कमरेचा घेर बाईचा ८० आणि पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आत असावा. वजन बेताचं पण पोट सुटलेलं असेल, तरी पुढचं सगळं लागू आहे.

पहिली पायरी: तीन दिवस नुसतं मोजा

लगेच काही बदलू नका. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा घरगुती वजनकाटा, ५ आणि १५ मिलीचे मापाचे चमचे आणि एक वही एवढं घ्या. दोन साधे दिवस आणि एक सुट्टीचा किंवा बाजाराचा दिवस असे तीन दिवस जे जे तोंडात जाईल ते लिहा. भाजी चिरताना तोंडात टाकलेले दाणे, पोरांच्या ताटात उरलेलं, दुकानावर आलेल्या पाहुण्याबरोबरचा चहा, सगळं.

इथं नवशिक्यांची एक चूक हमखास होते. तक्त्यांतले आकडे बहुतेक कच्च्या वजनाचे असतात आणि लोक शिजलेलं मोजतात. १०० ग्रॅम कच्च्या तांदळाच्या साधारण ३५५ कॅलरी होतात. तोच शिजून २५०-३०० ग्रॅम भात झाला की १०० ग्रॅम भाताला १३० च्या आसपास राहतात. डाळीचं तर विचारूच नका, वरण किती पातळ त्यावर सगळं. म्हणून शिजवायच्या आधी मोजा आणि खाणाऱ्यांत भागा. चौघांसाठी १२० ग्रॅम तूरडाळ लावली, तर एकाच्या वाट्याला ३० ग्रॅम, म्हणजे १०० कॅलरी आणि साडेसहा ग्रॅम प्रथिनं.

भाकरीचंही तसंच. पीठ मोजून घ्या, झालेल्या भाकरींनी भागा. ६०० ग्रॅम पिठाच्या आठ झाल्या तर एक ७५ ग्रॅमची. ज्वारीच्या पिठाला १०० ग्रॅमला ३३५ धरा, म्हणजे ती भाकरी २५० कॅलरीची झाली. शेतात न्यायची थोराड भाकरी शंभर ग्रॅमचीही असते.

दुसरी पायरी: तेल

बहुतेकांच्या वहीत सर्वांत मोठी गळती तेलातच सापडते, म्हणून इथं जरा जास्त वेळ थांबू.

फोडणीची पळी घ्या, तिच्यात काठोकाठ पाणी भरा आणि ते मापाच्या चमच्यानं मोजा. घरोघरच्या पळ्या वेगवेगळ्या असतात आणि ‘दोन पळ्या तेल’ म्हणजे नेमकं किती हे पाणी मोजल्याशिवाय कळत नाही. १५ मिलीचा एक चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, ५ मिलीचा ४०.

आता चौघांसाठीची दोडक्याची भाजी बघा. दोडके अर्धा किलो, त्यांच्या मिळून ७५ कॅलरी. फोडणीला ६० मिली तेल, ४८०. वरून ५० ग्रॅम शेंगदाण्याचा कूट, २६० च्या वर. कढईत सव्वाआठशे कॅलरी आहेत आणि त्यात दोडक्याचा वाटा दहावा हिस्साही नाही. तेल २० मिली आणि कूट २० ग्रॅम केला की तीच भाजी साडेतीनशेच्या आत येते. माणशी १२० कॅलरी वाचल्या आणि ताटातली भाजी तेवढीच राहिली. दोन्ही वेळच्या भाजीत हे केलं तर दिवसाला २४० होतात, जवळपास एका भाकरीएवढ्या.

तेल एकदम कमी केलं की भाजी बुडाला लागते, मसाला करपतो, चव उतरते आणि घरातले कुरकुरतात. तसं होऊ नये म्हणून असं करा:

१. अरुंद बुडाची, जाड कढई घ्या. पसरट भांड्यात थोडं तेल पांगतं आणि मोहरी कोरडी जळते. अरुंद बुडात तेवढंच तेल गोळा होऊन राहतं.

२. मोहरी, जिरं तडतडलं की कांदा आणि लगेच चिमूटभर मीठ. मिठानं कांद्याला पाणी सुटतं आणि तो त्यातच मऊ होतो.

३. हळद, तिखट, काळा मसाला कोरडा टाकू नका. वाटीत दोन चमचे पाण्यात कालवून ओता. कमी तेलात कोरडं तिखट दहा सेकंदांत काळं पडतं, आणि भाजी कडू झाली की दोष तेलाच्या नावावर जातो.

४. खाली लागायला लागलं की तेल न घालता गरम पाण्याचा हबका मारा. गार पाण्यानं भाजी थंडावते आणि शिजायला वेळ लागतो.

५. वर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी घाला. वाफ आतच राहते आणि ताटातलं गरम झालेलं पाणी लागेल तसं भाजीत घेता येतं.

प्रत्येक भाजीचा स्वभाव निराळा. दोडका, दुधी, भोपळा यांना स्वतःचं पाणी सुटतं, त्यांचं सोपं. गवारीला सुटत नाही. ती मीठ घालून आधी उकडून घ्या, मग फोडणीला टाका. भेंडी धुतल्यावर फडक्यानं कोरडी करा, नाहीतर ती चिकट होते आणि माणूस तेलाची बाटली उचलतो. वांगं सर्वांत अवघड, कारण त्याचा गर पोकळ आणि घातलं तेवढं तेल पिणारा. भरल्या वांग्यांना आधी कुकरच्या भांड्यात पाण्याविना वाफ द्या. वाफेनं गर बसतो आणि मग चौघांच्या भाजीला चार छोटे चमचे तेल पुरतं. भाजलेल्या वांग्याचं भरीत तर दोन चमच्यांतही होतं.

रश्शाला दाटपणा हवा म्हणून कूट आणि खोबरं ढकललं जातं. त्यासाठी आपल्याकडं येसर आहे. भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले दळून केलेलं हे पीठ १० ग्रॅम घातलं तर साधारण ३५ कॅलरीत आमटी दाट होते. तेवढ्याच कुटाच्या ५२ होतात, आणि दाटपणा यायला कूट त्याहून जास्तच लागतो. येसर आधी गार पाण्यात कालवून मगच उकळीत सोडा, गुठळ्या होत नाहीत.

शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची चटणी वाईट अजिबात नाही, उलट भाकरीला तिच्यासारखी सोबत नाही. फक्त ती तेलबियांची आहे हे विसरू नका. सपाट मोठा चमचा १०-१२ ग्रॅमचा, म्हणजे पन्नास-साठ कॅलरी. एका जेवणाला तेवढीच, तीही वर तेल न सोडता. तिखटच हवं असेल तर हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ तव्यावर भाजून केलेला, दाणे न घातलेला ठेचा कितीही घ्या.

तिसरी पायरी: ताटात माळवं वाढवा

भूक ही पोटात किती वजन आणि किती आकार गेला त्यावरही अवलंबून असते. तेल काढून रिकामी झालेली जागा भाजीनं भरली नाही, तर दोन तासांत हात फरसाणाच्या डब्याकडं जातो. दर जेवणाला माणशी १५० ग्रॅम शिजवलेली आणि १०० ग्रॅम कच्ची भाजी धरा. आपण वाढतो त्याच्या हे जवळजवळ दुप्पट असतं, तेव्हा खरेदीही तशी करावी लागेल.

बहुतेक पालेभाज्या १०० ग्रॅमला २५ ते ४० कॅलरीत बसतात. थंडीत करडईचा कोवळा पाला, हरभऱ्याचा पाला, चाकवत, चुका, शेपू, मेथी. पावसाळ्यात तांदूळजा, घोळ, अंबाडी. रानातली पाथरी तर नुसतीच भाकरीबरोबर खातात. हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवला तर उन्हाळ्यात, भाज्या महागल्यावर कामी येतो. अंबाडीची भाजी परंपरेनं तेल-लसणाच्या भरपूर फोडणीत बुडते. तिच्या आंबटपणाला तुरीची डाळ किंवा ज्वारीच्या कण्या घाला, म्हणजे तेलाची गरज निम्म्यावर येते. कच्च्यात वाळूक, काकडी, मुळा, गाजर, कांदा, टोमॅटो घ्या. कोशिंबिरीत कूट घातला की तोही वहीत लिहा.

बटाटा (१०० ग्रॅमला ७०-७५) आणि रताळं (११० च्या आसपास) भाकरीच्या खात्यात धरा. बटाट्याची भाजी असेल त्या वेळी भाकरी अर्धी कमी.

फळांत पेरू, पपई, टरबूज, जालन्याची मोसंबी ही ३०-५० च्या घरातली. आंबा ६० च्या आसपास. बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ आणि केळी शंभराच्या घरात. सीताफळ सोडायचं कारण नाही, मोसमात एक मध्यम खा आणि त्या वेळचा नाश्ता हलका ठेवा. मोसंबी सोलून फोडी खा. ग्लासभर रसाला तीन-चार मोसंबी पिळाव्या लागतात, चोथा फेकला जातो आणि पोट रिकामंच राहतं.

भाकरी आणि डाळ

ज्वारीच्या, बाजरीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरीचा फरक थोडाच आहे, सगळी १०० ग्रॅमला ३२० ते ३५० मध्ये. ज्वारीत जादू नाही. भाकरीला तेल लागत नाही, पोळीला घडीत आणि वरून लागतं, हा खरा फरक. शिवाय भाकरी चावायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचतो. वजन उतरवणाऱ्या बैठ्या माणसानं एका जेवणाला ६० ते ७५ ग्रॅम पिठाची एक भाकरी ठेवावी. पातळ भाकरीला ताजं पीठ हवं. जुन्या पिठाला चिकटपणा राहत नाही, भाकरीला चिरा पडतात म्हणून ती जाड थापली जाते आणि नकळत शंभर ग्रॅमवर जाते. पीठ आठवड्यापुरतंच दळा, उरलेल्याला कढत पाणी वापरा आणि खूप मळा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं काढलेल्या ‘परभणी शक्ती’ या ज्वारीत लोह आणि जस्त जास्त असतं. जेवण कमी होतं तेव्हा अशा सूक्ष्म घटकांची चणचण आधी जाणवते, म्हणून मिळाली तर तीच घ्या.

डाळ कमी करू नका. कॅलरी कमी पडल्या की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडायला लागतं. प्रथिनं पुरेशी असली तर ते कमी होतं. दर किलो वजनामागं ०.८३ ग्रॅम हे रोजचं प्रमाण आहे. तूर, मूग, हरभरा, उडीद या सगळ्या डाळी १०० ग्रॅमला साधारण २१ ते २४ ग्रॅम प्रथिनं देतात. बेसन असो की उडदाचं घुटं, फोडणी मोजून दिली तर दोन्ही उत्तमच. अंडं खाणाऱ्यांना एका उकडलेल्या अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं आणि सत्तरेक कॅलरी मिळतात.

चहा, ताक आणि उपवास

दोन चमचे साखर (१० ग्रॅम) आणि ५० मिली म्हशीचं दूध, एवढ्या चहाच्या ९५ कॅलरी होतात. दिवसाला चार कप म्हणजे ३८०, आणि कुणी ते जेवणात धरतच नाही. कप चारावरून दोनावर आणा आणि साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. एकदम सोडली तर चार दिवसांत परत येते. गूळ घातल्यानं काही वाचत नाही, त्याच्या कॅलरी साखरेहून जेमतेम कमी. मधाचंही तसंच: कोमट पाण्यात लिंबू आणि मोठा चमचाभर मध घेतला की सकाळीच साठेक कॅलरी पोटात जातात आणि चरबी काही त्यानं वितळत नाही.

ताकासाठी दूध तापवून गार करा आणि साय दोनदा काढा, मग विरजण लावा. एक भाग दह्यात तीन भाग पाणी घालून घुसळा, लोणी काढा. असं २०० मिली ताक २५ कॅलरीच्या आसपास बसतं. लोणी न काढता नुसतं पातळ केलं तर दुप्पट. उन्हाळ्यात पारा बेचाळिसावर गेला की २० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची आंबील या ताकात करा. ग्लासभर शंभराच्या आत होते आणि दोन तास भूक धरते. २५० मिलीच्या गोड थंड पेयातही तेवढ्याच कॅलरी असतात, त्या निव्वळ साखरेच्या आणि भुकेला काही उपयोग नसलेल्या.

उपवासाच्या दिवशी वजन वाढतं ते साबुदाण्यानं. ८० ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाणे आणि मोठा चमचा तूप, अशी एक ताटली साडेपाचशेच्या पुढं जाते आणि तिच्यात चोथा नावालाही नसतो. त्याऐवजी ५० ग्रॅम भगर, पातळ दाण्याची आमटी, काकडी आणि ताक घ्या, साडेतीनशेच्या आत जेवण होतं. भगर आणताना निवडून, धुऊन घ्या आणि तिचं पीठ उपवासाच्या आदल्या दिवशीच दळा. दमट जागी राहिलेल्या भगरीवर बुरशी धरते आणि त्यातून विषबाधा होते.

पाकिटावर काय वाचायचं

‘डाएट’, ‘बेक्ड’, ‘मल्टिग्रेन’ या शब्दांकडं बघू नका, मागचा तक्ता बघा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार घन पदार्थाला ‘कमी ऊर्जेचा’ म्हणायचं तर १०० ग्रॅमला ४० कॅलरीपेक्षा जास्त चालत नाहीत, पेयाला १०० मिलीला २०. डाएट चिवड्याच्या मागं १०० ग्रॅमचा आकडा चारशेच्या पुढं दिसला, तर नाव काहीही असो, तो कमी कॅलरीचा नाही. ‘शुगर फ्री’ म्हणजे फक्त साखर नाही. मैदा आणि तूप असू शकतं.

मुरमुऱ्यांबद्दल गैरसमज आहे. वजनाला ते तांदळाएवढेच, १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या वर. पण हलके असल्यानं मोठी वाटीभर २० ग्रॅमचीही होत नाही. म्हणून ४० ग्रॅम मुरमुऱ्यांची सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा पदार्थ), एक छोटा चमचा तेल, १० ग्रॅम दाणे, भरपूर कांदा-कोथिंबीर घालून केली तर अडीचशेच्या आसपास पोटभर नाश्ता होतो. वर शेव पसरली की हिशेब मोडला.

एका दिवसाचं ताट

हे साधारण ६५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या बाईसाठी आहे.

सकाळी साखर हळूहळू एका चमच्यावर आणलेला चहा: ७५. नाश्त्याला ६० ग्रॅम मिश्र पिठाचे, मेथी घातलेले धपाटे, एक छोटा चमचा तेल, १०० ग्रॅम साय काढलेल्या दुधाचं दही: ३४० पर्यंत. दुपारी ७० ग्रॅमची भाकरी, दोडका किंवा गवार, ३० ग्रॅम डाळीचं वरण, काकडी-मुळा, ग्लासभर ताक: ५१०. संध्याकाळी तसाच चहा आणि २५ ग्रॅम फुटाणे: १६५. रात्री ६० ग्रॅमची भाकरी, २० ग्रॅम डाळ घालून पालेभाजी, वाळूक: ३६५. बेरीज १,४५० च्या आसपास आणि प्रथिनं पन्नाशीच्या घरात. पुरुषानं दोन्ही वेळा अर्धी भाकरी आणि एक वाटी वरण वाढवावं. तेल दिवसाला चार छोट्या चमच्यांत आलं, आणि हे ताट कुठंही रिकामं दिसत नाही.

काटा अडला तर

पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरलं तर हुरळून जाऊ नका. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं, साठा वापरला गेला की ते पाणीही जातं. लग्नाचं जेवण झालं की दुसऱ्या दिवशी किलोभर परत दिसतं, तेही बरंचसं मिठाचं आणि पाण्याचं. पाळीच्या आधी बायकांचं वजन वाढतं. म्हणून रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी मागच्या सरासरीशी ताडून बघा.

सहा-आठ आठवड्यांनी काटा हलेनासा होतो. तेव्हा जेवण आणखी कापण्याआधी तीन दिवसांची वही पुन्हा काढा. बहुतेक वेळा मापाचा चमचा डब्यात गेलेला असतो आणि पळी परत आलेली असते. माप नीट असेल तर वजन उतरल्यामुळं शरीराची गरजच थोडी घटली आहे असं समजा आणि रोजचं चालणं अर्ध्या तासानं वाढवा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय १,२०० च्या खाली जाऊ नका. केस गळणं, चक्कर, पाळी अनियमित होणं, थंडी सोसेनाशी होणं यांतलं काही दिसलं तर कपात थांबवून तपासून घ्या.

ठरवलेलं वजन आलं की एकदम आधीच्या जेवणावर जायचं नाही. दर आठवड्याला रोजच्या १०० कॅलरी वाढवत न्या आणि सरासरी स्थिर झाली तिथं थांबा. वाढवताना आधी दुपारच्या भाकरीचं पीठ वाढवा, मग डाळ. तेलाचा चमचा आहे तोच ठेवा.